एक चेहरा, दोन नावं

रशीदा : मुक्ताबाई, आधी खाली बसा. दारात उभं राहून तक्रार चालवता येत नाही.

मुक्ताबाई : बसते. पर ती आली की मी उठणार. आधीच सांगून ठेवते.

रशीदा : ती आल्याशिवाय काही होणार नाही. कंपनीला तुम्ही दोघी बहिणी एका वेळी, एका जागी दिसायला हव्यात. त्यासाठीच तर आज बोलावलंय.

मुक्ताबाई : का पर? फोन माझा बंद झाला. तिचा चालूच हाय. माझ्या फोनापायी मी तिचं तोंड कशाला बघू?

रशीदा : कारण तिचं तोंड आणि तुमचं तोंड एकच आहे, असं कंपनीचं म्हणणं आहे.

मुक्ताबाई : जुळ्या हाय आम्ही. आमच्या कळस गावात कुणालाबी विचारा. शाळेत मास्तर एकीला मारायचं सोडून दुसरीला मारायचं.

रशीदा : मला पटलंय हो. कंपनीच्या मशीनला पटलेलं नाही. त्याच्याकडे फोटो दोन, नावं दोन आणि चेहरा एक. त्याने ठरवलं की एकच बाई दोन नावांनी सिम घेऊन बसली आहे. फसवणूक करणारे लोक असं करतात ना, म्हणून हल्ली मशीन सगळ्यांचे फोटो ताडून बघतं. त्यात तुम्ही सापडलात.

मुक्ताबाई : म्हंजे त्याला वाटलं, मी राधी हाय?

रशीदा : नाही.

मुक्ताबाई : मग राधी मुक्ता हाय?

रशीदा : तसंही नाही. त्याला वाटलं, तुम्ही दोघी नाहीच आहात. कुणी तिसरीच बाई आहे आणि ती कधी मुक्ता होते, कधी राधा.

मुक्ताबाई : तिसरी कोण?

रशीदा : कोणी नाही.

मुक्ताबाई : कोणी नाय, तर तिच्यापायी माझा फोन कसा बंद झाला?

रशीदा : हेच मी त्यांना विचारतेय. ते म्हणतात, सिस्टीम. मी म्हणते, सिस्टीम म्हणजे कोण. ते म्हणतात, मॅडम आपण लाइनवर राहा. मग गाणं लागतं.

मुक्ताबाई : मला कायबी कळंना.

रशीदा : मलाही सगळं कळलंय असं समजू नका. वीस वर्षं ग्राहकांच्या तक्रारी लढवतेय. पूर्वी समोर निदान एक माणूस असायचा. उर्मट असायचा, पण असायचा.

मुक्ताबाई : ताई, माझं एवढंच म्हणणं हाय, माझा तोच नंबर द्या. मी बाळंतिणींना न्हाऊ घालते, लेकरांना तेल लावते. धानोरी, टिंगरेनगर, विश्रांतवाडी, कुणाचीबी पोरगी बाळंत झाली की तिची आई पयला फोन मला लावायची. नंबर कुणाच्या कॅलेंडरवर लिहिलेला, कुणाच्या दाराच्या आत खडूनं. आता त्या नंबरावर कोण बाप्या बोलतो.

रशीदा : तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिला त्यांनी.

मुक्ताबाई : राजनंदिनीच्या आईनं लावला फोन. म्हणाली, नातू झालाय, उद्यापासनं या. तर तो म्हणतो, मावशी, मी टेम्पो चालवतो, पर तुम्ही म्हणत असाल तर येतो.

रशीदा : चांगला माणूस दिसतोय.

मुक्ताबाई : हसू नका ताई.

रशीदा : हसत नाही. त्याचीही तक्रार आली तर घ्यावी लागेल मला, रोज सकाळी बाळंतिणींचे फोन येतात म्हणून. बरं, ही बाटली घ्या आणि जिन्यापाशी माठ आहे, तिथून भरून आणा. तेवढाच जीव शांत होईल तुमचा.

(मुक्ताबाई बाहेर जातात. जरा वेळाने दार पुन्हा वाजतं.)

रशीदा : इतक्यात आलात? आणि बाटली कुठे ठेवलीत?

राधा : कसली बाटली?

रशीदा : पाण्याची. आत्ता दिली ना तुमच्या हातात? आणि ही शाल कुठून आली?

राधा : बाई, मी आत्ता येतीय. स्वारगेटला उतरले, तिथनं विचारत विचारत.

रशीदा : अगं बाई. तुम्ही राधाबाई.

राधा : मग कोण?

रशीदा : माफ करा हं. त्या कंपनीला मी सारखी सुनावतेय की तिथे डोळे असलेला एक माणूस बसवा, म्हणजे असली चूक होणार नाही.

राधा : माणसंबी चुकतात.

रशीदा : हो. आत्ताच चुकलं.

राधा : ती आली का?

रशीदा : पाणी आणायला गेली आहे. बसा तुम्ही. फार लांबून आलात.

राधा : माणहून. हिंजवडीच्या पलीकडं. आल्यापावली परत जायचंय. मी तिच्यासाठी आले नाय. मला मेसेज आला, तुमचा नंबर संशयास्पद हाय म्हणून. माझ्या विक्रमनं वाचून दाखवला. माझ्याकडं हिंजवडीच्या कंपन्यांतल्या पोरी खोल्या घेऊन राहतात. उशीर झाला, बस चुकली की मला फोन लावतात. माझा नंबर बंद होऊन चालणार नाय.

रशीदा : म्हणजे आता तुमच्यावरही आलं. ऐका, आज दोघी एकत्र दिसलात की तुमचा नंबर वाचेल, असा माझा अंदाज आहे. तिच्या नंबरचं मात्र अवघड आहे.

राधा : तिला नंबराचं काय एवढं? तिनंच टाकला होता ना बंद करून?

रशीदा : कुणी सांगितलं तुम्हाला?

राधा : सांगायला कशाला पायजे.

मुक्ताबाई : ताई, माठाला तोटी नाय, तांब्यानं घ्यावं लागतं... आली का ही.

रशीदा : आल्या. आता तुम्ही उठायचं नाही. बसायचं. इथे. नको, इतक्या लांब नाही, दोघी एका चौकटीत मावायला हव्यात.

मुक्ताबाई : तिला म्हणावं, सरक जरा.

राधा : तिला म्हणावं, जागा हाय तिथं.

रशीदा : मी मधे कशाला? बोला की एकमेकींशी.

मुक्ताबाई : मी काय बोलू? आई गेली तवा हिनं मला कळवलं नाय. माझ्या आईचं तोंड मला बघू दिलं नाय. आळंदी रोडला भाजीवाली भेटली, ती म्हणाली, मुक्ते, आईचं वाईट झालं की गं. भाजीवालीकडनं कळलं मला. गेले तर थेट दहावा.

राधा : दहाव्याला आली. पाव्हण्यासारखी.

मुक्ताबाई : पिंडाला कावळा शिवंना. सगळा घाट माझ्याकडं बघत उभा. जशी काय मीच आईचा जीव अडकवून ठेवलाय. आणि ही सगळ्यांपुढं म्हणाली, आता कशाला आलीस. ताई, पाठची नाय, पोटात शेजारी होती माझ्या. तिनं मला असं म्हणावं?

राधा : मी फोन केला होता.

मुक्ताबाई : खोटं.

राधा : आईची शपथ.

मुक्ताबाई : आईची शपथ आता स्वस्त झाली. खोटी घेतली तरी मरायला आई हाय कुठं.

रशीदा : थांबा, थांबा. कंपनीचा फोन येतोय. व्हिडिओवर बोलायचंय. दोघी समोर बघा. भांडण नंतर, मी कुठे जात नाही. हॅलो? हो, बोला.

इंद्रजीत : गुड मॉर्निंग मॅम. इंद्रजीत बोलतोय, कस्टमर ग्रिव्हन्समधून. दोन्ही कस्टमर आहेत का तुमच्यासोबत?

रशीदा : या बघा. डावीकडे मुक्ताबाई, उजवीकडे राधाबाई.

इंद्रजीत : ओके मॅम, मला दिसतायत. बट व्हेरिफिकेशन ॲपमध्ये एकावेळी एकच फेस चालतो. दोन असले की एरर देतं.

रशीदा : अहो, दोन आहेत हे दाखवायलाच तर आणलंय त्यांना.

इंद्रजीत : आय अंडरस्टँड मॅम. पण ॲपला नाही ना कळत. एक एक करून या. प्लीज डोळ्यांची उघडझाप करायला सांगा.

रशीदा : राधाबाई, तुम्ही या आधी. पुढे बघा. डोळे मिटा, उघडा.

राधा : हे काय पोरखेळ.

रशीदा : असू दे. करा.

इंद्रजीत : डन मॅम. थँक यू मुक्ताबाई, तुम्ही व्हेरिफाय झालात.

राधा : मी राधा हाय!

इंद्रजीत : सॉरी? इथे मुक्ताबाई आलंय, ग्रीन टिक आहे. नाइंटी एट पर्सेंट मॅच.

मुक्ताबाई : आता झालं. मीच नाय राहिले. ती मुक्ता, तीच राधा.

रशीदा : इंद्रजीत, तुमच्या स्वतःच्या डोळ्यांना किती बायका दिसतायत?

इंद्रजीत : दोन, मॅम.

रशीदा : मग तसं लिहा. दोन बायका पाहिल्या.

इंद्रजीत : तसा ऑप्शन नाही मॅम इथे. मला काय दिसलं ते टाकायला जागाच नाही. रिलेशन विचारतंय. स्पाउस, फादर, मदर, सन, डॉटर, अदर.

रशीदा : जुळी बहीण?

इंद्रजीत : अदर टाकू का?

मुक्ताबाई : अदर म्हंजे?

रशीदा : इतर.

राधा : टाका. तसंबी आता इतरच हाय.

इंद्रजीत : ओके. मॅम, मी सीनियरना विचारून रिमार्क टाकलाय. राधाबाईंचा नंबर होल्डवरून काढलाय. तो चालू राहील. मुक्ताबाईंचा जुना नंबर सॉरी, तो दुसऱ्या कस्टमरला ॲलॉट झालाय, परत येणार नाही. पण गुडविल म्हणून आम्ही त्यांना फॅन्सी नंबर देऊ शकतो. शेवटी चार वेळा सात.

मुक्ताबाई : मला काय करायचेत सात? माझी आई चुलीपाशी बसून माझा नंबर पाठ म्हणायची. लिहायला येत नव्हतं तिला. त्यात सात नव्हताच.

रशीदा : फॅन्सी नंबरचं आपण बघू. मला एक सांगा, यांचा नंबर नेमका कधी बंद केलात? मी प्रत्येक वेळी विचारलं आणि प्रत्येक वेळी गाणं ऐकलं.

इंद्रजीत : एक मिनिट मॅम. हं, मिळालं. गणपती विसर्जनाचा दिवस होता. आमचं ऑफिस बंद होतं, सगळ्यांना सुट्टी. ऑटोमॅटिक झालंय ते.

रशीदा : म्हणजे कुणीच नव्हतं तिथे?

इंद्रजीत : नो मॅम. कुणी डिसिजन घेतलेलंच नाही ॲक्च्युअली. सिस्टीमने घेतलं.

रशीदा : सूचना तरी दिली होती?

इंद्रजीत : हो मॅम, एसएमएस गेलाय. सेम डे. रजिस्टर्ड नंबरवर.

रशीदा : जो नंबर बंद केला, त्याच नंबरवर?

इंद्रजीत : तो रजिस्टर्ड होता ना मॅम.

रशीदा : वा. घराला कुलूप लावायचं आणि सूचना आत टाकायची.

राधा : बाई, त्याला परत विचारा. कधी म्हणाला?

इंद्रजीत : विसर्जनाच्या दिवशी, मावशी. दुपारपासून नंबर बंद.

राधा : कुणी बंद करायला सांगितला होता? हिनं सांगितला होता का?

इंद्रजीत : नाही नाही. कस्टमरकडून काही रिक्वेस्ट नव्हती. आमच्याकडूनच झालंय.

राधा : नक्की?

इंद्रजीत : हंड्रेड पर्सेंट. मॅम, अजून काही मदत करू शकतो का? कॉलनंतर एक फीडबॅक येईल, प्लीज—

रशीदा : फीडबॅक मी ग्राहक मंचात देणार आहे, लेखी. ठेवते. हं. राधाबाई, काय झालं? तुमचा नंबर वाचला की.

राधा : पाणी द्या जरा.

मुक्ताबाई : घे. काय झालं गं? चक्कर आली का? सकाळपास्नं काही खाल्लंस का नाय?

राधा : विसर्जनाच्या दिवशी बंद झाला तुझा फोन?

मुक्ताबाई : मला काय म्हाईत कधी. मी कामावर होते, फोन पिशवीत. संध्याकाळी बघितलं तर मुका. मला वाटलं रिचार्ज संपला. सून उत्कर्षा म्हणाली, रेंज नसंल, मिरवणुकीमुळं. मग म्हणाली, उद्या बघू. दुकानदार म्हणाला, कार्ड खराब झालंय. असं करता करता सगळा पितृपंधरवडा गेला. मग पोरानं दुसरं कार्ड आणून दिलं.

राधा : पितृपंधरवड्यात आई गेली.

मुक्ताबाई : हो ना. म्हंजे...

राधा : म्हंजे मी फोन लावला तवा तुझा फोन नव्हताच.

मुक्ताबाई : तू खरंच लावला होतास?

राधा : शपथ घेतली तर स्वस्त म्हणालीस.

रशीदा : राधाबाई, तुम्हाला काय वाटलं होतं तेव्हा?

राधा : काय वाटणार? गौरीच्या जेवणाला आली होती ही माझ्याकडं. आईला विश्रांतवाडीला घेऊन जाते म्हणाली. मी नाय म्हटलं. आईला उठता येत नव्हतं, तिसऱ्या मजल्यावर कशी चढवणार होती? तर ही भांडली. जाताना उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, आजपासनं मला फोन लावू नको.

मुक्ताबाई : रागात म्हणाले मी. दुसऱ्या दिवशी विसरले.

राधा : मी नाय विसरले. आणि मग फोन लावला तर तो लागंनाच. म्हटलं, बोलली तसं करून दाखवलं. माझा फोन येऊ नये म्हणून कार्ड फेकून दिलं हिनं.

मुक्ताबाई : अगं, आई असताना मी कार्ड फेकीन?

राधा : मला काय म्हाईत. राग आला ना. विक्रमला म्हटलं, गाडी काढ, मावशीला घेऊन ये. तो हिंजवडीच्या चौकातच अडकला. मुंग्यांवाणी गाड्या. तेवढ्यात इकडं आई गेली. त्याला म्हटलं, वळव गाडी. आता तिला नाय कळवायचं. तिला नको असंल तर नको.

मुक्ताबाई : राधे.

राधा : मग तू दहाव्याला आलीस. कोरडी ठणठणीत. माझ्या मनात आलं, हिला सगळं ठाऊक होतं, मुद्दाम उशिरा आली.

मुक्ताबाई : मला वाटलं, तू मुद्दाम कळवलं नाय. आई तुझ्या एकटीची करून टाकलीस.

रशीदा : आणि नंबर तुटला त्या दिवशी कंपनीच्या ऑफिसात एकही माणूस नव्हता.

मुक्ताबाई : म्हंजे ताई, चूक कुणाची?

रशीदा : खरं सांगू? मी सकाळी इथे आले तेव्हा मला नक्की माहीत होतं. आता माझाच गोंधळ झालाय. नंबर कंपनीने तोडला, ते स्वच्छ आहे. न विचारता तोडला, कळवलं तेही बंद पडलेल्या फोनवर. ते मी सोडणार नाही. पण तुम्ही दोघी इतके महिने बोलला नाहीत, ते त्यांच्या खात्यात किती टाकायचं आणि तुमच्या किती, मला सांगता येत नाही.

मुक्ताबाई : मग आता तक्रार मागं घ्यायची का?

राधा : का म्हणून?

मुक्ताबाई : नंबर तर मिळणार नाय म्हणतो तो. तुझा वाचला. मग आता भांडायचं कशापायी?

राधा : मागं घ्यायची नाय. उद्या अजून कुणाच्या आईच्या वेळी बंद करतील. बाई, ल्हिवा तुम्ही. माझंबी नाव घाला.

रशीदा : घालते. मग मला नीट सांगा, मागायचं काय? नुसतं "न्याय द्या" असं लिहिलं तर ते फॅन्सी नंबर देऊन मोकळे होतील.

मुक्ताबाई : त्यांनी यावं आणि म्हणावं, मुक्ता हाय. राधाबी हाय. दोघी हाय.

रशीदा : लिहिते. कुणाचाही नंबर तोडण्याआधी जिवंत माणसाने त्या घरी चौकशी करावी, हेही लिहिते. मानतील की नाही, ठाऊक नाही. आता नुकसान. यामुळे तुमचं काय काय गेलं, ते सांगा.

मुक्ताबाई : कामं गेली. नव्या बाळंतिणी मिळंनात. ग्यासचा मेसेज येईना...

राधा : ते राहू दे. आईचं ल्हिवा.

रशीदा : शेवटच्या वेळी मुलीशी बोलणं झालं नाही, असं लिहू?

राधा : नाय. तसं नका ल्हिवू.

रशीदा : का? तेच तर झालं ना?

राधा : तसं नाय झालं.

मुक्ताबाई : मग कसं झालं?

राधा : दुपारची वेळ होती. आई सकाळपास्नं तुझंच नाव घेत होती. मुक्तीला लाव, मुक्तीला लाव. मी लावला. तर त्यातली ती बाई बोलाय लागली, हा क्रमांक अस्तित्वात नाही. मराठीत म्हणती, मग हिंदीत, मग इंग्लिशमधी. मला असा संताप आला. म्हटलं, आईला ऐकवते, कशी लाडकी लेक हाय ते. फोन तिच्या कानाला लावला.

मुक्ताबाई : तिला ऐकू कुठं येत होतं?

राधा : तेच ना. बाईचा आवाज हाय एवढंच कळलं असंल. तिनं फोन धरला दोन्ही हातांनी. म्हणाली, मुक्ते, जेवलीस का?

मुक्ताबाई : त्या बाईला?

राधा : त्या बाईला. ती आपली बोलतीय, अस्तित्वात नाही, अस्तित्वात नाही. आणि आई तिला इचारतीय, पाय दुखतो का गं अजून, किती लोकांची लेकरं धुशील. मग ती बाईबी थांबली. फोन कट झाला. आई तशीच धरून बसली, उत्तर येतंय का बघत.

मुक्ताबाई : मग?

राधा : मग मी उशाला गेले. मागनं, तिला दिसू नये असं. आणि तिच्या कानाशी मोठ्यानं बोलले.

मुक्ताबाई : काय बोललीस? मी राधा म्हणून?

राधा : नाय. तू म्हणून.

रशीदा : मी जरा चहाचं सांगून येते.

राधा : बसा बाई, तुमच्यापासनं काय लपवायचं. आपला आवाज तर एकच. तुझ्यावाणी लांबण लावून बोलायचं, एवढंच.

मुक्ताबाई : आईला कळलं नाय? जन्मात कधी आपल्यात चुकली नाय ती.

राधा : काय की. हसली. माझा हात चाचपडून धरला आणि बरं म्हणाली. ते तुला म्हणाली का मला, ते मला आजून कळलं नाय.

मुक्ताबाई : आणि एवढं सगळं पोटात घालून तू घाटावर मला तसं बोललीस?

राधा : तुझ्या वाटणीचं बोलून आले होते मी. आणि तू आलीच नव्हतीस. राग येणार नाय तर काय.

रशीदा : हे मी लिहू की नको? लिहिलं तर कुठल्या रकान्यात लिहू, तेही मला कळत नाहीये.

मुक्ताबाई : जरा थांबा ताई. राधे.

राधा : बोल.

मुक्ताबाई : मी काय म्हणाले तिला?

राधा : जेवले म्हणालीस. पाय आता दुखत नाय म्हणालीस. आणि निघालेच म्हणालीस.